एकशे अकरा काठ्या

माझ्या मोठ्या जाऊबाई स्वतः बनवलेल्या काठीवरही लगेच विश्वास ठेवत नसत. काठी तयार झाली, पॉलिश सुकलं, खाली रबरी टोपण बसलं, की ती हातात घ्यायच्या आणि कारखान्याच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत दहा पावलं चालायच्या. अंगाचा सगळा भार काठीवर टाकून, एक पाय मुद्दाम ओढत, आणि वळताना काठीला असा हिसका द्यायच्या की बघणाऱ्याला वाटावं, बाई आता पडणार. काठी जराशी कुरकुरली तरी बाजूला जायची. जाऊबाईंचं वजन एकाहत्तर किलो होतं आणि ते त्या कुणी न विचारता सांगायच्या. "माझ्याखाली टिकली ना, मग कुणाच्याही हाताखाली टिकेल," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

मी धाकटी. लग्न होऊन या घरात आले तेव्हा चार दिवस मला वाटत होतं की मोठ्या जाऊबाई पायाने अधू आहेत आणि हे आपल्याला कुणी सांगितलं नाही. पाचव्या दिवशी त्यांना जिना धावत चढताना पाहिलं आणि तेव्हा कुठे उलगडा झाला. हे मी त्यांना सांगितलं तर त्या इतक्या हसल्या की हातातली काठीची मूठ खाली पडली. त्या दिवसापासून आमचं जमलं. जावा-जावांचं जमतं म्हटलं की लोकांना खोटं वाटतं, तो त्यांचा प्रश्न.

कारखाना हा शब्द जरा मोठा आहे. घराखालची लांबट खोली, दोन खिडक्या, एका टोकाला लेथ, दुसऱ्या टोकाला माझं टेबल आणि कॉम्प्युटर. मोठे दीर लेथवर दांड्या गोल करतात. पूर्वी ते खुर्च्यांचे पाय करायचे. काठीची कल्पना जाऊबाईंची. त्यांचे वडील दवाखान्यातून घरी आले तेव्हा लोखंडी काठी घेऊन आले. तिचा खणखणाट घरभर ऐकू यायचा आणि त्या आवाजाची त्यांना इतकी लाज वाटायची की ते खोलीबाहेर यायचेच बंद झाले. तेव्हा जाऊबाईंनी खुर्चीच्या पायासाठी आणलेल्या लाकडातून त्यांना काठी करून दिली. मुठीला अंगठ्यासाठी एक खळगा कोरला, स्वतःचा अंगठा ठेवून ठेवून, कानशीने घासत. वडील बाहेर येऊ लागले, फिरायला जाऊ लागले. त्यांच्याबरोबर फिरणाऱ्या म्हाताऱ्यांनी काठ्या मागितल्या. सात वर्षांपूर्वीची ही गोष्ट.

तो खळगा अजून प्रत्येक काठीला असतो. मशीनवर होत नाही, जाऊबाईच करतात. दांडीचं वरचं टोक बारीक करून मुठीच्या भोकात बसवायचं, आत सरस लावायचा, शिकंज्यात आवळायचं आणि तीन दिवस हात लावायचा नाही. मग घासायचं, पॉलिश करायचं, आणि शेवटी ती दहा पावलं. घाईचं नाव काढायचं नाही.

तीन वर्षांपूर्वी मी त्यांना ऑनलाइन विक्रीच्या वाटेला लावलं. मीच. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे झालं त्यात माझा हात कुठे कुठे होता हे मला कुणी दुसऱ्याने सांगितलेलं आवडणार नाही. एका मोठ्या विक्री कंपनीच्या साइटवर आमचं पान उघडलं. फोटो मी काढले, मजकूर मी लिहिला. काठ्या खोक्यांत भरून कंपनीच्या गोदामात पाठवायच्या, पुढचं सगळं कंपनी बघणार. काठी कुणी घेतली, कुठे गेली, हे आम्हाला दिसायचं नाही. दिसायचे ते आकडे आणि गिऱ्हाइकांनी दिलेल्या चांदण्या. जाऊबाईंना हे पहिल्यापासून खटकायचं. "अगं, उंच माणसाने घेतली का बुटक्याने, एवढं तरी कळू दे," त्या म्हणायच्या. मी म्हणायचे, "ताई, ते गुपित असतं." त्यावर त्या म्हणायच्या, "काठीत कसलं डोंबलाचं गुपित?"

बरं, ही कंपनी काही राक्षस नव्हती. माल जायचा, तक्रार केली की उत्तर यायचं, फक्त ते उत्तर कधी यायचं हे विचारू नये. मागच्या वर्षी कुणीतरी आमचेच फोटो वापरून आमच्याच पानावर हलक्या काठ्या विकायला सुरुवात केली. त्याला हाकलायला कंपनीला आठ महिने लागले. आणि आमचा माल एक दिवस उशिरा पोचला की इशारा मात्र एका तासात यायचा. या असल्या घड्याळाला काय म्हणायचं ते मी कागदावर लिहू शकत नाही.

मग जाऊबाईंना कावीळ झाली. दीड महिना अंथरुणात. काठ्या बंद, आणि साइटवरचं आमचं पान घसरत घसरत इतकं मागे गेलं की शोधायला मलाच दहा मिनिटं लागायची. त्या उठल्या तेव्हा कंपनीचा निरोप येऊन पडला होता: गोदामाची मागणी आल्यापासून दोन दिवसांत माल गोदामात देण्याची हमी द्या, पान पुन्हा वर आणू. तीन दिवस तर सरसालाच लागतात. मी बाजारात चौकशी केली. पटकन धरणारा नवा सरस मिळत होता, डब्यावर लिहिलं होतं एका दिवसात पक्का. दीर म्हणाले वापरून बघू. जाऊबाईंनी डबा हुंगला, नाक मुरडलं, आणि म्हणाल्या, "मी चालून बघेनच ना. टिकली तर टिकली." मी हमीच्या चौकटीत खूण केली.

त्या चालून बघत होत्या. एकही काठी न बघता सोडली नाही. अकरा आठवडे काठ्या पटापट उतरत होत्या, एकही कुरकुरत नव्हती, आणि आम्ही तिघंही खूश होतो. जाऊबाई आजारातून उठल्यावर चांगल्याच बारीक झाल्या होत्या. मी त्यांना चिडवायचे, "ताई, ही कावीळ मला का नाही झाली?" त्या कंबर हलवून दाखवायच्या.

त्या सकाळी मी कॉम्प्युटर लावला तर पान बंद होतं. त्याखाली लाल अक्षरांत तक्रार, आणि तक्रारीबरोबर फोटो. जिन्याच्या पायऱ्या, पायरीवर मुठीपासून निखळलेली काठी, बाजूला एक चप्पल. खाली दोन ओळी: वापरणाऱ्या निवृत्त शिक्षिका, वय अडुसष्ट, काठीची मूठ सुटल्याने जिन्यावरून पडल्या, खुब्याचं हाड मोडलं.

जाऊबाई माझ्या चेहऱ्याकडे बघून स्वतःच उठून आल्या. त्यांनी फोटो बघितला आणि खुर्चीची पाठ धरली. दीरांनी लेथ बंद केली. त्या खोलीत दिवसभर घरघर असते, ती थांबली आणि मला उगाचच वाटलं की आता दार वाजणार.

"पोलीस येतील," दीर म्हणाले.

"ती बाई कशी आहे?" जाऊबाईंनी विचारलं. "बघ ना गं, पुढे काही लिहिलंय का?"

पुढे काहीच लिहिलं नव्हतं.

दुपारी कंपनीच्या तक्रार विभागातून फोन आला. फोनवर बाई होत्या, आवाजावरून चाळिशीच्या, दिवसभर हेच बोलून थकलेल्या. मी फोन मोठ्या आवाजावर ठेवला. त्या म्हणाल्या, "फोटोत काठी स्पष्ट दिसत नाही. मागच्या वर्षी तुमच्या पानावर नकली माल होताच, त्याची नोंद आमच्याकडे आहे. ही काठी आमची नाही असं लिहून सही करून पाठवा. दोन दिवसांत पान सुरू होईल."

दीरांच्या जिवात जीव आला. "झालं तर मग," ते म्हणाले, "सही करून टाक." आणि मी तर तोवर कागद छापायलाही लावला होता. खोटं कशाला बोलू, त्या क्षणी मला त्या पडलेल्या बाईंची आठवणसुद्धा राहिली नव्हती. आपलं नाव त्यातून सुटतंय एवढंच दिसत होतं.

जाऊबाई फोनजवळ वाकल्या. "ती काठी कुठे आहे?"

"आमच्या गोदामात. परत आलेल्या मालात."

"मला ती बघायची आहे."

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. मग त्या बाई म्हणाल्या, "असं सहसा कुणी मागत नाही, मॅडम."

"न बघता माझी नाही म्हणून कशी लिहून देऊ?" जाऊबाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी गोदामात गेलो. एवढी मोठी जागा मी आयुष्यात पाहिली नव्हती. छतापर्यंत खोकी, खोक्यांमधून गल्ल्या, आणि गल्लीगल्लीतून गाड्या ढकलणारी माणसं, जी एकमेकांकडे बघत नव्हती. तक्रार विभागातल्या बाई फाटकाशी आल्या. गळ्यात ओळखपत्र, हातात फायली, डोळ्यांखाली काळं. त्यांनी आम्हाला एका कोपऱ्यात नेलं, जिथे परत आलेला माल तोलून नोंदवतात. टेबलावर प्लास्टिकच्या पिशवीत काठी होती, दांडी वेगळी, मूठ वेगळी.

मी मनातल्या मनात म्हणत होते, आपली नसू दे, आपली नसू दे. लहान मुलं करतात तसं.

जाऊबाईंनी मूठ हातात घेतली. त्यांचा अंगठा आपोआप खळग्यात गेला. तो खळगा त्यांच्याच अंगठ्याचा होता, दुसऱ्या कुणाचा तिथे इतका नीट बसलाच नसता. मी त्यांची बाही ओढली आणि पुटपुटले, "ताई, गप्प बसा. हात जोडते, काही बोलू नका."

"ही माझी आहे," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी भोकात बोट घालून बघितलं. आत नवा सरस होता, एका बाजूने पिवळट, चकचकीत, दुसऱ्या बाजूने लाकूड कोरडं. धरलाच नव्हता. बाहेरून पक्का दिसत होता एवढंच. "पण मी हिच्यावर चालले होते," त्या म्हणाल्या. त्या मला सांगत नव्हत्या, काठीलाच विचारत होत्या. "पूर्ण भार टाकून चालले होते. मला कशी नाही कळली?"

टेबलाशेजारी खोकी तोलायचा मोठा काटा होता, जमिनीलगतचा. जाऊबाई त्याच्याकडे बघत राहिल्या. बघता बघता त्यांचा चेहरा असा काही झाला की मी घाबरून त्यांचा दंड धरला. त्यांनी तो सोडवून घेतला आणि त्या काट्यावर जाऊन उभ्या राहिल्या.

एकोणपन्नास.

मला समजायला एक क्षण लागला. एकाहत्तर किलोची बाई ज्या काठ्या पास करायची, त्या अकरा आठवडे एकोणपन्नास किलोच्या बाईने पास केल्या होत्या. आमच्याकडे दुसरं माप नव्हतं. जाऊबाई हेच माप होतं. ते माप आमच्या डोळ्यांसमोर कमी होत गेलं आणि मी त्यावरून विनोद करत बसले.

"किती काठ्या गं?" काट्यावरूनच त्यांनी विचारलं.

नव्या सरसाच्या एकशे अडतीस काठ्या आम्ही पाठवल्या होत्या. तक्रारीच्या बाईंनी तिथल्या तिथे कॉम्प्युटरवर बघितलं. सव्वीस अजून गोदामात होत्या. एक समोर टेबलावर. उरलेल्या एकशे अकरा लोकांच्या हातात होत्या.

"त्यांचे पत्ते द्या," जाऊबाई म्हणाल्या.

"ते देता येत नाहीत. नियम आहे."

"मग तुम्ही सांगा त्यांना. आत्ता. काठी हातात धरू नका म्हणावं."

"तसा निरोप पाठवायला वरून परवानगी लागते, मॅडम. अर्ज करावा लागतो. आठ-दहा दिवस जातात." त्या बाईंनी आवाज खाली आणला. "आणि दोष आपला आहे हे तुम्हाला लेखी द्यावं लागेल. एकदा ते दिलं की पान कायमचं बंद होऊ शकतं. मी तुम्हाला आधी सांगतेय. नंतर म्हणाल, सांगितलं नाही."

दहा दिवस. दहा दिवसांत एकशे अकरा माणसं किती जिने उतरतील, किती वेळा न्हाणीघरात ओल्या फरशीवर काठी टेकतील? आम्हाला काठ्या कुठल्या ते माहीत होतं, माणसं माहीत नव्हती. कंपनीला माणसं माहीत होती आणि काठ्यांचं काही पडलेलं नव्हतं. जाऊबाईंनी कागद मागितला.

मी तेव्हा भडकले. भीती वाटली की मला राग येतो, ही माझी जुनी खोड. मी म्हटलं, "सगळा दोष आम्ही का लिहून द्यायचा? सरस आमचा, वजन आमचं, ते कबूल. पण दोन दिवसांचं घड्याळ कुणाचं होतं? लाकडाला चिकटायला किती वेळ लागतो हे तुमच्यापैकी एकाने तरी विचारलं होतं का? नकली काठ्या काढायला आठ महिने लागतात तुम्हाला, आणि आमच्यासाठी दोन दिवस!"

आजूबाजूची माणसं थांबून बघायला लागली. तक्रारीच्या बाई लाल झाल्या. मला वाटलं, आता बाहेरचा रस्ता दाखवणार. त्यांनी फाइल उघडली, पेन काढलं आणि म्हणाल्या, "हेच परत सांगा, सावकाश. घड्याळाचं. मी माझ्या अहवालात लिहिते."

"तुमची नोकरी?" जाऊबाईंनी विचारलं.

"बघू," त्या म्हणाल्या आणि लिहायला लागल्या.

त्या एका कागदावर तिघींच्या सह्या झाल्या. सरसाची चूक आमची. तपासणीची चूक आमची. बनवायला लागणारा वेळ न विचारता मुदत घातली ही चूक कंपनीची. कंपनीशी असं बोलणाऱ्याचं पुढे काय होतं हे मला माहीत नव्हतं आणि विचारायचं धाडस नव्हतं.

नंतरचे दिवस कसे काढले ते आठवलं तरी नको वाटतं. जाऊबाईंना जरा कुठे काही पडल्याचा आवाज आला की त्या दचकून उठायच्या. वरच्या मजल्यावर कुणी पातेलं आपटलं तरी. एकदा रस्त्यात एक म्हातारे गृहस्थ काठी टेकत येताना दिसले तर त्या धावत त्यांच्यापाशी गेल्या आणि काठीची मूठ न्याहाळू लागल्या. ती आमची नव्हती. त्या गृहस्थांना वाटलं, काठी हिसकावून पळणार. ते ओरडले, लोक जमले, आणि मला हात जोडून समजूत घालावी लागली. एरवी ही गोष्ट आम्ही वर्षभर सांगून हसलो असतो. त्या दिवशी तशाच घरी आलो.

लाकडाला तर त्यांनी हातच लावला नाही. दीर दांडी करून समोर ठेवायचे, त्या बाजूला सारायच्या. "आता मी काठी करणार नाही," त्या म्हणाल्या. "माझ्या हाताची भीती वाटते मला."

पाचव्या दिवशी परवानगी आली. तो निरोप तक्रारीच्या बाईंनी आणि मी फोनवर मिळून लिहिला. कंपनीचा मूळ मजकूर होता, 'उत्पादनात संभाव्य त्रुटी आढळली असून'. मी म्हटलं, हे वाचून कुणी काठी खाली ठेवेल का? शेवटी असं गेलं: 'ही काठी तुटू शकते. तिचा आधार घेऊ नका. भिंतीला टेकवून ठेवा. आमचा माणूस येऊन घेऊन जाईल.' खाली कंपनीचं नाव आणि आमचंही. माझ्या आठवणीत ती दोन नावं पहिल्यांदाच एका ओळीत आली.

काठ्या परत येऊ लागल्या. दीरांनी वाळूचं पोतं भरलं, नव्वद किलोचं, आणि छताला कप्पी लावून ते मुठीवर सोडायची सोय केली. पहिल्या आठ टिकल्या. नववीला 'कट्' असा आवाज झाला आणि मूठ लोळत माझ्या पायाशी आली. जाऊबाईंनी डोळे मिटून घेतले. मला वाटलं होतं, काठ्या परत आल्या की भीती कमी होईल. उलट प्रत्येक कट् ऐकून कळत होतं की हिच्यावर एक माणूस टेकून उभा होता. एकशे चार काठ्या आल्या. त्यातल्या एकोणीस सुटल्या. सहा लोकांनी आमच्या माणसाची वाट न बघता काठी मोडून तुकड्यांचा फोटो पाठवला, त्यांचे मी मनातून पाय धरले. एकाचंच उत्तर नव्हतं. निरोप तीनदा गेला, फोन लागत नव्हता, न्यायला गेलेल्या माणसाला दार उघडलं नव्हतं.

मधल्या काळात तक्रारीच्या बाईंनी कळवलं होतं की त्या शिक्षिकाबाईंचं ऑपरेशन झालं, त्या चालतील, पण वेळ लागेल. जाऊबाईंनी त्यांना पत्र लिहून कंपनीमार्फत पाठवलं. उत्तर आलं नाही. यावं अशी अपेक्षाही कुठल्या तोंडाने करायची?

उरलेल्या त्या एका काठीसाठी रविवारी सकाळी तक्रारीच्या बाई आमच्या दारात उभ्या राहिल्या. गळ्यात ओळखपत्र नव्हतं. "पत्ता मला देता येत नाही," त्या म्हणाल्या. "पण मी स्वतः चालले आहे. तुम्ही माझ्या मागून आलात तर मी कशी अडवणार?"

इमारत जुनी होती, लिफ्ट नाही. जिना अरुंद आणि पायऱ्या झिजून मध्ये खोल गेलेल्या. पहिल्या मजल्यावर पोचलो तोच वरून टक्, टक्, असा आवाज आला. रबरी टोपणाचा दबका आवाज, तो आम्हा दोघींना झोपेतही ओळखता आला असता. जाऊबाईंनी वर बघितलं. तिसऱ्या मजल्याच्या कठड्याशी एक धिप्पाड म्हातारे उभे होते, शंभर किलोच्या आतले नक्कीच नव्हते. डाव्या हातात पिशवी. उजव्या हातात आमची काठी. आणि एक पाय खालच्या पायरीकडे निघालेला.

"थांबा!" जाऊबाई ओरडल्या. "हलू नका!"

ते थांबले, पण दचकून, आणि दचकल्यामुळे सगळा भार काठीवर गेला. जाऊबाई दोन-दोन पायऱ्या चढत वर गेल्या. मी नुसती कठडा धरून उभी होते. त्यांनी वर पोचल्याबरोबर आपला खांदा त्यांच्या काखेत घातला आणि म्हणाल्या, "काका, माझ्यावर भार द्या. काठी सोडा. सोडा म्हणते ना!"

ते चक्रावून गेले होते, पण त्यांनी काठी सोडली. ती गडगडत माझ्यापर्यंत आली. मूठ शाबूत होती. मी ती छातीशी धरून तिथेच पायरीवर बसले आणि मला रडू फुटलं.

आम्ही तिघींनी मिळून त्यांना आत नेऊन खुर्चीत बसवलं. एकट्या माणसाची खोली, एक पलंग, एक खुर्ची, खिडकीत वाळत घातलेला टॉवेल. तक्रारीच्या बाईंनी सगळं समजावून सांगितलं. काका म्हणाले, निरोप बघितला होता, पण फसवणुकीचे निरोप रोज येतात, अनोळखी माणसाला दार कशाला उघडा? मग त्यांनी माझ्या हातातल्या काठीकडे बघितलं.

"बरं, ही तुम्ही घेऊन जाणार," ते म्हणाले. "मग उद्या मी खाली कसा उतरू?"

तीन आठवडे आम्ही काठ्या गोळा करत होतो, मोजत होतो, वाळूखाली घालून तोडत होतो. पण त्या ज्यांच्या हातून काढून आणल्या ती माणसं आता कशाच्या आधाराने चालत असतील, हे आमच्यापैकी एकीच्याही डोक्यात आलं नव्हतं. काकांच्या खोलीत मला एकशे दहा खोल्या दिसायला लागल्या, प्रत्येकीत खुर्चीत बसून राहिलेलं एक माणूस. आधी वाटलेली भीती याच्यापुढे काहीच नव्हती.

जाऊबाईंनी माझ्या हातातली काठी घेतली आणि खळग्यावरून अंगठा फिरवला. मग म्हणाल्या, "काका, मला आता काठी करायची भीती वाटते हो."

"वाटणारच," काका म्हणाले. "पण मला इथे वर बसून राहायची जास्त वाटते."

जाऊबाईंनी डोळे पुसले. "उभे राहा," त्या म्हणाल्या. "खुर्चीची पाठ धरा. सरळ. उजवा हात खाली सैल सोडा." त्या गुडघ्यावर बसल्या आणि त्यांच्या मनगटापासून जमिनीपर्यंत वीत वीत मोजू लागल्या. एकदा मोजून खात्री होईना म्हणून पुन्हा पहिल्यापासून मोजलं. सात वर्षांत वडिलांनंतर त्यांनी एखाद्या माणसाचं माप घ्यायची ही पहिलीच वेळ होती.

"चार वितींना दोन बोटं कमी," त्या म्हणाल्या. "लिहा, बाई. आणि बाकीच्या एकशे दहा जणांनाही विचारा, मनगटापासून जमीन किती. वजनही विचारा. आणि काठी मिळेपर्यंत त्यांच्याकडे कोण जाणार तेही लिहा."

तक्रारीच्या बाईंनी फायलीतला फॉर्म काढला, वरपासून खालपर्यंत बघितला. "यात असं लिहायला जागाच नाही हो," त्या म्हणाल्या.

मी तो कागद त्यांच्या हातातून घेतला, उलटा केला आणि परत दिला.